सही घेण्याआधी औषधाचं नाव तरी सांगा

प्रति,
पाठीच्या कण्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देणारे सर्व डॉक्टर: अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, मेंदू व मज्जारज्जूचे शल्यविशारद आणि वेदनातज्ज्ञ

स. न. वि. वि.

तीस वर्षं मी मुद्रितशोधन करते आहे. सुटलेला अनुस्वार, ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला, तळटिपेतला चुकलेला आकडा सहसा माझ्या नजरेतून निसटत नाही. तरीही अंगावर बेतू शकणारा एक कागद मी न वाचता सही करून दिला, आणि तोही एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी ट्रॉलीवर आडवी होते, दागिने आणि चष्मा काढून बहिणीकडे दिलेले होते, आणि कुणीतरी कागदावर बोट ठेवून म्हणत होतं, “इथे एक आणि इथे एक.” चष्म्याशिवाय मला ते बोटही धूसर दिसत होतं.

तो कागद म्हणजे संमतीपत्र. या पत्राचा विषय तोच आहे. खरं तर त्या कागदापेक्षाही जास्त, त्यात जे लिहिलेलं नव्हतं ते.

आधी माझी हकीकत थोडक्यात सांगते. दिवसभर प्रुफांवर वाकून बसण्याचं काम. एके दिवशी खाली पडलेलं पेन उचलताना कंबरेत चमक भरली आणि दोन दिवसांत ती उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरली. एमआरआय झाला. शेवटच्या मणक्याखालची गादी सरकून उजवी नस दाबते आहे, असं निदान झालं. गोळ्या, विश्रांती, व्यायाम सगळं झालं. रात्री कुशीवर वळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. सहाव्या आठवड्यात इंजेक्शनचा सल्ला मिळाला. “तीनचा कोर्स असतो,” असं सांगितलं गेलं.

पहिल्या इंजेक्शननं मला पाच आठवडे झोप दिली. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण हे पत्र वाचून कुणी मला इंजेक्शनांची वैरीण समजू नये. ज्याला सायटिकाची कळ ठाऊक आहे त्याला पाच आठवड्यांची झोप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दुसऱ्यानं फारसं काही केलं नाही. तिसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसले आणि डोकं असं ठणकलं की परत आडवी झाले. आडवी झाल्यावर दोन मिनिटांत सगळं शांत. पुन्हा बसले, पुन्हा तेच. रुग्णालयात फोन केला. पलीकडच्या आवाजानं ॲसिडिटी असेल म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा केला तेव्हा जागरण झालं असेल, असं उत्तर आलं. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, आणि ते फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. घरच्या यंत्रावर त्या दिवशी साखर ३६०च्या वर गेली होती. ती का वाढली, हे विचारायचं तर कुणाला विचारायचं, हेही कळेना.

चौथ्या दिवशी बहीण मला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी अर्ध्या मिनिटात ओळखलं. मज्जारज्जूभोवती जे पाणी असतं त्याच्या पिशवीला सुई लागली होती आणि भोकातून पाणी झिरपत होतं. बसलं की मेंदूभोवतीचा दाब उतरतो म्हणून डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. त्यांनी माझ्याच दंडातलं रक्त काढून पाठीत त्या जागी सोडलं. ते गोठतं आणि भोक बुजतं. ब्लड पॅच म्हणतात त्याला. संध्याकाळी मी बसून चहा प्यायले.

आता तुम्ही म्हणाल, पिशवीला सुई लागणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, कुणाच्याही हातून होऊ शकते. मान्य, अगदी मान्य. माझी तक्रार सुईबद्दल नाहीच. दुसऱ्या डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले: कोणतं औषध दिलं, कोणत्या वाटेनं दिलं, कोणत्या मणक्यापाशी दिलं? मी डिस्चार्जचा कागद पुढे केला. त्यावर एकच ओळ होती: “पाठीत स्टिरॉइड इंजेक्शन दिले. तक्रार नाही.” कुणाची तक्रार नाही, माझी की कागद लिहिणाऱ्याची, तेही स्पष्ट नव्हतं. असं वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. धंदाच वाचण्याचा, त्यामुळे सवय होती. आणि जसजशी वाचत गेले तसतसं लक्षात आलं की त्या तीन प्रश्नांत सगळं सामावलेलं आहे.

पहिला प्रश्न औषधाचा. ‘स्टिरॉइड’ हे एका औषधाचं नाव नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ट्रायामसिनोलोन ही पाण्यात न विरघळणारी, गढूळ, कणांची औषधं. डेक्सामेथासोन मात्र स्वच्छ पाण्यासारखं, त्यात कण नाहीत. कण असलेलं औषध जागेवर जास्त दिवस टिकेल म्हणून ते वर्षानुवर्षं आवडीचं राहिलं. पण हे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि ते गोळे रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षा मोठे असू शकतात. नस जिथून बाहेर पडते त्या मणक्याच्या छिद्रातून कधी कधी एक बारीक धमनीही आत शिरते आणि मज्जारज्जूला रक्त पुरवते. यातल्या सर्वांत मोठ्या धमनीला ॲडमकिएविक्झची धमनी म्हणतात. अल्बर्ट ॲडमकिएविक्झ यांनी १८८२ साली तिचं वर्णन केलं. बहुतेकांत ती डावीकडे, छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर आत शिरते. पण ‘बहुतेकांत’ हा शब्द इथे फार जपून वाचायला हवा, कारण काहींत ती त्याहून खाली असते. सुईचं टोक त्या धमनीत गेलं आणि गढूळ औषध आत ढकललं गेलं, तर मज्जारज्जूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. माणूस पाठदुखीसाठी टेबलावर झोपतो आणि पाय न हलणारा उठतो. मानेत हेच घडलं तर कण मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. डुकरांवर केलेल्या एका प्रयोगात मानेच्या धमनीत हे दोन्ही प्रकार सोडून पाहिले. कणांचं औषध मिळालेले प्राणी शुद्धीवर आले नाहीत, डेक्सामेथासोन मिळालेले आले.

हे सगळं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि माझ्या पाठीत तीनदा काय गेलं, गढूळ की स्वच्छ, हे मला आजही माहीत नाही.

दुसरा प्रश्न वाटेचा. माकडहाडाच्या वरच्या फटीतून, दोन मणक्यांच्या कमानींच्या मधून, किंवा थेट नसेच्या छिद्रातून, अशा तीन वाटा आहेत आणि तिन्हींचे धोके सारखे नाहीत. कमानींच्या मधून जाताना पाण्याच्या पिशवीला सुई लागण्याची शक्यता जास्त. नसेच्या छिद्रातून जाताना औषध दुखऱ्या जागेच्या अगदी जवळ पोहोचतं, पण धमनी तिथेच असते. सिरिंजचा दांडा मागे ओढून रक्त येतं का ते पाहण्याची पद्धत आहे, पण रक्त आलं नाही म्हणजे सुई धमनीत नाही, असं ठरत नाही. म्हणूनच क्ष-किरणांच्या पडद्यावर आधी रंगद्रव्य सोडून ते कुठे पसरतं ते बघायचं असतं. माझ्या वेळी पडदा होता का? होता बहुधा. मी पालथी होते, आणि मला झोपेचं औषध दिलेलं होतं.

त्या झोपेच्या औषधाबद्दलही दोन शब्द. घाबरट रुग्णाला थोडं शांत करणं मी समजू शकते, मी स्वतः घाबरट आहे. पण सुई नसेला टोचली तर “अहो, कळ गेली पायात!” असं ओरडणारं एकच यंत्र त्या खोलीत असतं, ते म्हणजे रुग्ण. त्यालाच गाढ झोपवून टाकलं तर तुम्हाला सावध कोण करणार?

यातलं काहीही मी शोधून काढलेलं नाही. तुमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी ते लिहून ठेवलं आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, २३ एप्रिल २०१४ रोजी इशारा दिला. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या, म्हणजे एपिड्युरल, पोकळीत स्टिरॉइड दिल्यानं क्वचित पण गंभीर परिणाम होऊ शकतात, दृष्टी जाणं, पक्षाघात, कायमचं अपंगत्व, मृत्यूसुद्धा. हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच छापायला लावला. अशा घटना क्ष-किरणांच्या मदतीनं दिलेल्या इंजेक्शनांतही झाल्या आहेत, हेही त्यात नमूद आहे. १९९७ ते २०१४ या काळात त्या संस्थेकडे मज्जासंस्थेला इजा झाल्याच्या ९० गंभीर घटनांची नोंद झाली होती, त्यातल्या काहींचा शेवट मृत्यूत झाला. लाखो इंजेक्शनांच्या मानानं ९० म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. खरंच कमी आहे. पण ही नोंद स्वेच्छेची आहे. ज्याला कळवावंसं वाटलं त्यानं कळवलं. माझी डोकेदुखी कुणी, कुठे कळवली असेल असं मला वाटत नाही.

त्याच इशाऱ्यात आणखी एक वाक्य आहे, जे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. एपिड्युरल पोकळीत स्टिरॉइड देण्याच्या परिणामकारकतेला आणि सुरक्षिततेला त्या संस्थेनं कधी मान्यताच दिलेली नाही. ट्रायामसिनोलोनच्या एका प्रसिद्ध ब्रँडच्या माहितीपत्रकावर तर एपिड्युरलसाठी वापरू नये, असं स्पष्ट छापलेलं आहे. मान्यतेबाहेर औषध वापरणं बेकायदा नसतं आणि वैद्यकात ते पदोपदी होतं, हे मला आता कळलं आहे. लहान मुलांना देतात त्यातली कितीतरी औषधं अशीच वापरली जातात. मग लपवायचं कशाला? “हे औषध या जागेसाठी अधिकृतपणे मंजूर नाही, पण आम्ही ते अमुक कारणानं देतो,” हे वाक्य म्हणायला दहा सेकंद लागतात. ते ऐकून मी कदाचित तरीही हो म्हटलं असतं. त्या वेळी माझा पाय इतका दुखत होता की बहुधा म्हटलंच असतं.

२०१५ साली अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वैद्यक संघटनांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन दक्षतेच्या सूचना प्रसिद्ध केल्या. मानेत नसेच्या छिद्रातून देताना कणांचं औषध वापरूच नये. कमरेत त्याच वाटेनं जाताना आधी डेक्सामेथासोन वापरावं. मानेत कमानींच्या मधून जायचं तर शक्यतो सातव्या मणक्याच्या खालून जावं आणि आधी एमआरआय पाहून तिथे सुईला जागा आहे का ते तपासावं. रंगद्रव्य सोडून, पडद्यावर एकाहून जास्त कोनांतून बघावं. रुग्ण बोलू शकेल इतका जागा असावा. तुम्हाला हे सगळं पाठ असेल. कमरेत दोन्ही प्रकारांची तुलना केली तर डेक्सामेथासोननं मिळणारा आराम फारसा कमी पडत नाही, असंही अभ्यासांत दिसलं आहे. स्वच्छ औषधानं धोका शून्य होतो असं नाही, पण धोका कमी करायची संधी हातात असताना ती का सोडायची, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तिसरा प्रश्न मी थोडा बदलून विचारणार आहे: कितवं? “तीनचा कोर्स” हे शब्द मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले आहेत की ते एखाद्या ग्रंथात कोरलेले असावेत, असं वाटायचं. पहिल्यानं बरं वाटलं तर दुसरं कशाला आणि काहीच झालं नाही तर तिसरं कशाला, या साध्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही. आधीच ठरवलेल्या तीनला शास्त्राचा भक्कम आधार नाही, हे वेदनातज्ज्ञही लिहितात. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नये, हे आमच्या मनावर इतकं बिंबलेलं आहे की कोर्स हा शब्द ऐकला की आम्ही मुकाट्यानं मान डोलावतो. कृपया तो शब्द इथे वापरू नका.

कारण प्रत्येक सुईबरोबर औषध पाठीतच राहत नाही, ते अंगभर फिरतं. साखर काही दिवस चढते. चेहरा लाल होतो, झोप उडते, बायकांची पाळी पुढे-मागे होते. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथी काही आठवडे सुस्तावतात, आणि त्याच काळात मोठं आजारपण आलं किंवा ऑपरेशन झालं तर ते समोरच्या डॉक्टरला माहीत असावं लागतं. हाडं ठिसूळ होतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्येक वाढत्या इंजेक्शनामागे मणका मोडण्याचा धोका साधारण २१ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हातारपणी ज्या पाठीसाठी सुई घ्यायची, त्याच पाठीचा मणका मोडायचा, याला रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात. आणि एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाविर घेणाऱ्या माणसाला ट्रायामसिनोलोन दिलं तर ते अंगातून लवकर बाहेर पडत नाही आणि एका सुईनंही चेहरा सुजून कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे अंगात स्टिरॉइड जास्त झाल्याची, लक्षणं दिसू शकतात. कोणती गोळी चालू आहे, हे विचारणं म्हणूनच फक्त रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपुरतं नसतं. त्या गोळ्यांचं तर विचारलंच पाहिजे. पोकळीत रक्त साचून मज्जारज्जू दाबला गेला तर हातात तास असतात, दिवस नव्हेत.

माझ्या शेजारच्या काकूंची गोष्ट सांगते. एका डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यात दिलं, दुसऱ्यांनी खांद्यात, तिसऱ्यांनी कमरेत. एका वर्षात किती झाली, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, कारण एकाच्याही कागदावर नाव आणि मात्रा लिहिलेली नव्हती. बेरीज कोण करणार? काकूंनी करायची म्हटली तरी आकडे कुठून आणायचे?

आणि बॅच क्रमांक. हा मुद्दा तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला असता, २०१२ची हकीकत वाचली नसती तर.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका रुग्णाला मेंदूज्वर झाला आणि तो बुरशीचा निघाला. धडधाकट माणसाला असं सहसा होत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी शोधाशोध केली तेव्हा कळलं की काही आठवड्यांपूर्वी त्याला पाठीत स्टिरॉइड दिलं होतं. त्यांनी राज्याच्या आरोग्य विभागाला कळवलं. धागा पकडत पकडत तपास मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषधं मिसळून बनवणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचला. तिथे बनलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या तीन बॅचमध्ये बुरशी होती. सुमारे १४,००० लोकांना ते औषध टोचलं गेलं होतं. २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले. ऑक्टोबर २०१३पर्यंतच्या मोजणीत ६४ मृत्यू होते आणि पुढे तो आकडा शंभरावर गेला. काहींच्या पाठीत तर सुईच्या जागी महिन्यांनंतर संसर्ग उफाळला.

या प्रकरणातली एक गोष्ट मला सारखी टोचते. त्या कुप्या परिरक्षक, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, न घातलेल्या होत्या. नेहमीच्या औषधातल्या परिरक्षकानं मज्जारज्जूच्या आवरणाला इजा होऊन ॲरॅक्नॉयडायटिस, म्हणजे त्या आवरणाचा दाह, होईल, अशी भीती असते, म्हणून बिनपरिरक्षकाचं औषध बरं असा विचार होता. म्हणजे डॉक्टर एका धोक्यापासून रुग्णाला वाचवायला गेले आणि कुपीत दुसराच बसलेला होता. आगीतून फुफाट्यात. त्या कंपनीच्या प्रमुखांना पुढे तुरुंगवास झाला आणि नोव्हेंबर २०१३मध्ये अशा कारखान्यांवर देखरेखीचा नवा कायदा आला. पण मला भिडलं ते वेगळंच. ज्या दवाखान्यांनी कुणाला कोणतं औषध दिलं ते नीट लिहून ठेवलं होतं, त्यांना आपापल्या रुग्णांना फोन करून बोलावता आलं. उद्या माझ्या कुपीत काही निघालं तर मला कुणी, कशाच्या आधारावर फोन करणार? “स्टिरॉइड दिले, तक्रार नाही,” याच्या?

फायद्याबद्दल बोलायचं राहिलं. तेही मोजूनमापून सांगा, एवढंच म्हणणं आहे. कोक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था; तिच्या २०२०च्या आढाव्यात २५ चाचण्यांतल्या सुमारे अडीच हजार लोकांचा हिशेब आहे. नस दबून पायात जाणाऱ्या दुखण्यावर या इंजेक्शनानं थोड्या काळासाठी, दुखण्याच्या शंभर गुणांच्या मापावर, सरासरी पाच गुणांच्या आसपास आराम जास्त मिळतो. सरासरी म्हणजे कुणाला माझ्यासारखी पाच आठवड्यांची झोप आणि कुणाला काहीच नाही. मणक्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांची एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात सहा आठवड्यांनी स्टिरॉइड मिसळलेलं इंजेक्शन आणि नुसतं बधिर करणारं औषध यांत कामाचा फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या एनआयसीई या संस्थेनं २०१६ साली साध्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शनं देऊ नयेत, असं सांगितलं, पण तीव्र आणि नव्या सायटिकासाठी दार उघडं ठेवलं. २०२५च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना त्याहून कडक होत्या. जुनाट पाठदुखीसाठी, पायात जाणाऱ्या जुनाट दुखण्यासाठीसुद्धा, ही इंजेक्शनं नकोत असा त्यांचा सूर होता, आणि वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर जोरदार हरकत घेतली. तुमच्यातच वाद आहे. असू द्या, वाद असणं वाईट नाही. पण वाद असताना आमच्यासमोर मात्र एकमत असल्यासारखं बोलता, ते खटकतं. सरकलेली गादी पुष्कळदा आपोआप आकसते आणि काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरेच जण सुईविनाच बरे होतात, हेही मला तुमच्याकडून ऐकायला आवडलं असतं. मी ते वाचून कळून घेतलं, तिसऱ्या सुईनंतर.

तर मागणं असं आहे. संमतीपत्र किमान आदल्या दिवशी, बाह्यरुग्ण विभागात, बसलेल्या आणि चष्मा घातलेल्या माणसाच्या हातात द्या. घरी नेऊ द्या. ते त्याच्या भाषेत असू द्या. माझं इंग्रजीत होतं. मला इंग्रजी येतं, पण त्या दिवशी माझ्याबरोबर रांगेत असलेल्या तिघींना येत नव्हतं. ‘सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत’ हे छापील वाक्य काढून टाका आणि खरोखर सांगितलेले धोके हातानं लिहा. डिस्चार्जच्या कागदावर औषधाचं नाव, मात्रा, वाट, मणका, बाजू, बॅच क्रमांक आणि आजवरचं कितवं हे सगळं असू द्या. एक ओळ पुरते.

आणि एक फोन नंबर, ज्यावर उत्तर देणाऱ्या माणसाला काय विचारायचं ते माहीत आहे. बसल्यावर ठणकणारं आणि आडवं झाल्यावर थांबणारं डोकं. ताप आणि वाढत जाणारी पाठदुखी, जी पू झाल्याची खूण असू शकते. पायातलं बळ जाणं, लघवी अडणं, बसतो त्या जागेला बधिरपणा येणं. यातलं काहीही ऐकू आलं तर “ॲसिडिटी असेल” हे उत्तर होऊ शकत नाही. मधुमेह्याला आधीच सांगा की आठवडाभर साखर जास्त वेळा तपासा आणि ती अमुक आकड्याच्या वर गेली तर या डॉक्टरांना फोन करा. माझी ३६० बघून मी दोन दिवस भात बंद करून बसले होते. दोष भाताचा नव्हता.

वेळ नसतो, हे मी ओळखून आहे. बाहेर पन्नास जण बसलेले असतात आणि प्रत्येकाला आधी आत जायचं असतं. आम्हीही काही कमी नाही. “सगळं तुमच्यावर सोपवलंय, डॉक्टर,” असं म्हणून जबाबदारी झटकणारे आम्हीच असतो. न वाचता सही मीच केली, त्याचा दोष तुमच्या माथी मारत नाही. पण ट्रॉलीवर पडलेल्या, चष्मा काढलेल्या, उपाशी माणसाकडून घेतलेल्या सहीला तुम्हीही मनातल्या मनात संमती म्हणत नसाल.

माझा पाय आता बरा आहे. चौथ्या सुईची वेळ आली नाही. पाच-सहा महिन्यांत दुखणं हळूहळू ओसरलं, कशानं ते सांगता येणार नाही. पण धाकट्या बहिणीची डावी नस आता दबली आहे आणि पुढच्या आठवड्यात तुमच्यापैकीच एकाकडे तिची तारीख आहे. ती घेणार आहे इंजेक्शन, तिची कळ मी पाहिली आहे. तिच्यासाठी मी एक पोस्टकार्डाएवढा कागद आखून दिला आहे: औषध, मात्रा, वाट, मणका, बाजू, बॅच, कितवं, फोन. आठ रकाने, सगळे कोरे. ती तो टेबलावर ठेवेल तेव्हा कृपया भरून द्या. अक्षर थोडं वाचता येईल असं काढा, मला ते नंतर तपासायचं आहे.

आपली,
एक मुद्रितशोधक